फुंकेपुरती ज्योत

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात कारागीर पैशाला पासरी होते, पण नाजूक कामाचा डाक लावावा तो मारोतरावांनीच, यावर सगळ्या पेढ्यांचं एकमत होतं. सराफ्यात एकमत होणं ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. डाक म्हणजे सोन्याला सोनं जोडणारा सांधा. जोडायच्या जागी कणभर डाक ठेवायचा, तो नीट वितळून पसरावा म्हणून टाकणखार लावायचा आणि दिव्याच्या ज्योतीशी टोकाला वाकलेली पितळी बाकनळी धरून फुंकायचं. ज्योत आडवी होते, सुईएवढी बारीक होते आणि नेमकी सांध्यावर जाऊन लागते. फुंक मात्र मधे तुटता कामा नये. म्हणून सोनार गालात हवा साठवतो, गालानं फुंकतो आणि त्याच वेळी नाकानं श्वास घेत राहतो. ऐकायला सोपं वाटतं. घरी करून पाहा, पोरंबाळं हसतील.

मारोतराव दहाव्या वर्षी हे शिकले आणि सेहेचाळिसावं लागेपर्यंत त्यांची ज्योत कधी थरथरली नव्हती. याचा त्यांना भारी गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभतही होता.

१९६८ साली पावसाळा सरला आणि त्यांच्या छातीत डाव्या बाजूला बारीक शिट्टी वाजायला लागली. दोन वाक्यं सलग बोलले की धाप लागे. गल्लीतला प्रत्येक माणूस तेवढ्यापुरता वैद्य झाला आणि सगळ्यांनी मिळून दमा ठरवून टाकला. कोजागिरीला एका मठात दम्याचं औषध घातलेली खीर मिळते, ती खाऊन रात्रभर जागायचं असतं, असं कळलं. मारोतराव खीर खाऊन इमानदारीनं जागले. दमाही त्यांच्या सोबतीला जागला.

त्यांची बायको गोपिकाबाई मोजकं बोलणारी, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काहो, तुमाले काही झालं नाही म्हणता, मंग जिना चढताना भिंत काहून धरता?"

"भिंत आपलीच आहे ना वं," मारोतराव म्हणाले. "धरली तर काय झालं?"

असं भिंत धरधरून जवळजवळ वर्ष निघालं. मग एका सकाळी एकदाणीच्या हारातल्या मण्याचे दोन अर्धे जोडताना त्यांची फुंक मधेच तुटली. ज्योत थरथरली, बाजूला सरकली आणि शेजारचा तयार मणी वितळून त्याचा बिनआकाराचा गोळा झाला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मारोतरावांनी दिवा विझवला आणि ओसरीवर येऊन बसले. गोपिकाबाई आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसल्या, आणि रिक्षा बोलावून नवऱ्याला सरळ सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथे छातीच्या रोगांना श्रीधर डॉक्टर होते. वय पस्तिशीचं, मुंबईला शिकून आलेले, आणि तरीसुद्धा आपल्याला सगळंच येतं असं न मानणारे. एक्सरेत मारोतरावांचं डावं फुफ्फुस मिटून गेलेलं, पांढरं धुरकट दिसत होतं. डॉक्टरांनी घसा बधिर करून तोंडातून एक लांब धातूची नळी आत घातली, तिच्यातून डोकावून पाहिलं आणि आत जे दिसलं त्याचा एक कण तपासायला पाठवला. आठ दिवसांनी त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं.

"दमा नाही, टीबी नाही," ते म्हणाले. "श्वासनळीत एक गाठ आहे. पण गाठ चांगल्या जातीची आहे, पसरणारी नाही."

गोपिकाबाईंनी हात जोडले. "चांगली आहे तर राहू द्या ना जी."

"चांगली आहे, पण दारात बसली आहे. डाव्या फुफ्फुसात हवाच जाऊ देत नाही. असं असलं की छाती उघडून ते फुफ्फुस काढून टाकतात. रीत तीच आहे."

"मंग फुंक?" मारोतरावांनी विचारलं.

"एका फुफ्फुसावर माणूस ऐंशी वर्षं जगतो, मारोतराव. चालाल, फिराल, नातवंडं खेळवाल..."

"मी फुंकेचं विचारून राहिलो जी."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर बाकनळी फुंकणं मग जमणार नाही."

जीव वाचणार हे मारोतरावांना कळत होतं, त्याचे उपकारही वाटत होते. पण माणूस घरी येईल आणि सोनार इथंच राहील, हे काही त्यांच्या गळी उतरेना. रडू लपवायला काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, ती गाठ दिसते तरी कशी?

डॉक्टरांनी एक्सरेच्या पाकिटामागे चित्र काढलं. एक नळी, तिला दोन फाटे, डाव्या फाट्याच्या तोंडाशी एक गोळा, आणि गोळ्याला एक बारीक देठ. मारोतरावांनी पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे गेलं. कारागिराच्या हातात नक्षी दिली की तो रडणं विसरतो.

"हे तर मणी बसवल्यावानी आहे," ते म्हणाले. "मणी काढाचा असला तर आमी पुरा हार नाही फेकत जी. सांध्याले आच देतो. मणी सुटते."

डॉक्टरांनी उठून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की बाहेरदेशी काहींनी असं केलेलं आहे. त्याच नळीतून विजेची तार आत घालतात आणि तिच्या आचेनं देठ जाळतात. त्यांनी ते वाचलं होतं, केलं मात्र नव्हतं. विजेचं यंत्र दवाखान्यात होतं, मूत्राशयाच्या ऑपरेशनला वापरत. पण त्याची काडी आखूड होती, आणि जाडही. छातीपर्यंत पोचेल अशी हातभर लांब, गव्हाच्या काडीएवढी बारीक काडी नागपुरात कुठे मिळणार?

"सोनार समोर बसला आहे," मारोतराव म्हणाले, "अन् तुमी काडी शोधून राहिले!"

त्यांनी पोलादी सळई घासून घासून हवी तशी बारीक केली. देठात अडकवायच्या टोकाच्या फाशासाठी चिवट तार पाहिजे होती, म्हणून ते बर्डीवर वाद्यांच्या दुकानात गेले आणि सतारीची तार मागितली. दुकानदारानं त्यांच्या धापेकडे पाहिलं. "या वयात सतार शिकून राहिले का जी?"

"नाही गा," मारोतराव म्हणाले. "गिळाची आहे."

सळईवर डॉक्टरांनी सलाइनची नळी चढवली, म्हणजे वीज वाटेत कुठे लागू नये, फक्त फाशालाच यावी. मग दवाखान्याच्या मागच्या खोलीत तालीम सुरू झाली. डॉक्टर खाटकाकडून बकऱ्याचं फुफ्फुस आणत, त्याच्या नळीत मांसाचा देठवाला गोळा टाके घालून बसवत, आणि मारोतराव, ज्यांनी जन्मात मटणाला हात लावला नव्हता, ते नाकाला उपरणं बांधून शेजारी उभे राहत. डॉक्टरांनी पायाखालचं बटण दाबलं की यंत्र गुणगुणायचं, तार तापायची आणि चर्र आवाज यायचा.

"उचला!" पहिल्याच दिवशी मारोतराव ओरडले. "साहेब, चटका द्याचा असते, तिथं मुक्काम नाही कराचा. आच देठाले पायजे, तुमी तर पुरा शेजार जाळून राहिले!"

मोठमोठ्या प्राध्यापकांनी जे डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता, ते त्यांनी मारोतरावांकडून मुकाट ऐकून घेतलं. सोनारानंच कान टोचावे म्हणतात ते उगीच नाही. आणखी एक गोष्ट मारोतरावांनी सांगितली. आधीचे सांधे आचेनं सुटू नयेत म्हणून सोनार त्यांच्यावर ओला गेरू थापतो. गेरू काही श्वासनळीत घालता येत नाही, पण ओल्या गॉजची बारीक घडी देठाशेजारच्या भिंतीला लावता येते. चौथ्या फुफ्फुसाच्या वेळी देठ स्वच्छ तुटला आणि शेजारच्या भिंतीला डागही पडला नाही. दोघांनी एकमेकांना जिलबी खाऊ घातली.

आनंद दोन दिवस टिकला. मग गोष्ट डॉक्टर अरुंधतींच्या कानावर गेली. त्या भूल द्यायच्या, आणि सगळा दवाखाना त्यांना वचकून असायचा.

"भुलीच्या ईथरच्या वाफेत ठिणगी उडवणार?" त्या म्हणाल्या. "पेशंट, तुम्ही आणि मी, तिघंही एकदमच वर जाऊ. ऑक्सिजनही चालू ठेवता येणार नाही. म्हणजे माणूस जागा पाहिजे, नुसता घसा बधिर करून. आणि जागा माणूस खोकतो, श्रीधर. त्या भिंतीच्या पलीकडे रक्ताची मोठी नळी आहे. तुमची तार तापलेली असताना हा खोकला, तर पुढे काय होईल ते तुम्हीच सांगा. मी उभी राहणार नाही. छाती उघडा आणि फुफ्फुस काढा."

कोपऱ्यातल्या बाकावर बसून मारोतराव हे सगळं ऐकत होते, ते उठले.

"बाई, तुमाले श्वास न हलवणारा माणूस पायजे ना?"

"हो."

"आठ दिवस द्या. दाखवतो."

बोलून तर बसले, पण घरी येऊन दिवा लावला आणि बाकनळी तोंडाला लावली तशी ज्योत तिसऱ्याच मिनिटाला थरथरली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तीन दिवस त्यांनी जीव काढला, घामाघूम झाले, खोकून खोकून लाल झाले. चौथ्या दिवशी गोपिकाबाई पोळ्या लाटता लाटता उठल्या. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून तळाची एक लहानशी नळी काढली. मारोतराव दहा वर्षांचे असताना शिकले ती.

"ज्योत एवढी मोठी काहून करता?" त्या म्हणाल्या. "जेवढी फुंक, तेवढी ज्योत."

मारोतराव बायकोकडे बघतच राहिले. हाताखाली शिकणाऱ्या सगळ्यांना ते जन्मभर सांगत आले होते की अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि स्वतः मात्र अर्ध्या छातीनं पूर्ण छातीचा रुबाब करायला गेले होते. त्यांनी वात खाली घेतली. ज्योत तांदळाएवढी केली. गाल फुगवले, नाकानं थोडा थोडा श्वास घेतला, जेवढा होता तेवढाच वापरला. ज्योत आडवी झाली आणि तशीच राहिली. तव्यावर पोळी करपली, तरी गोपिकाबाई जागच्या हलल्या नाहीत.

आठव्या दिवशी अरुंधतीबाईंच्या खोलीत मारोतरावांनी टेबलावर दिवा मांडला. बाईंनी घड्याळ काढलं. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. ज्योतीचं टोक एका जागी होतं. बाईंनी नर्सला खूण केली आणि तिनं एक अख्खा ट्रे फरशीवर आपटला. श्रीधर डॉक्टर दचकले, दारातला शिपाई दचकला. ज्योत दचकली नाही. इतवारीत मारोतरावांच्या कानाशी रोज वीस हातोड्या वाजत, एका ट्रेचं त्यांना काय!

सात मिनिटं झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं." मारोतरावांनी लगेच एक छोटी कडक फुंक मारून दिवा विझवला. कारागिराची ती सवयच असते. काम झालं म्हटलं की तेल जाळायचं नाही.

"तुमच्यापुढे हात टेकले," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मी उभी राहते."

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी मारोतरावांना टेबलावर निजवलं. पाठीखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली शिशाची पाटी होती, विजेला परत जायला वाट म्हणून. घसा बधिर झाला होता, जीभ आपली वाटत नव्हती. मान मागे झुकवून नळी आत गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळं अंग खोकायला धावलं. मारोतरावांनी डोळे मिटले आणि तांदळाएवढी ज्योत समोर आणली. जेवढी फुंक, तेवढी ज्योत. श्वास बारीक झाला, सरळ झाला. उजवा हात अरुंधतीबाईंच्या हातात होता. डाव्या हाताचं बोट त्यांनी टेबलावर ठेवलं होतं, ते का, हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"धरा," श्रीधर डॉक्टर म्हणाले. मारोतरावांनी श्वास धरला. यंत्र गुणगुणलं, आत खोल कुठेतरी चर्र झालं. दुखलं नाही, नुसती ऊब आली. मग वास आला, आणि आच जास्त झाली की बदलतो तसा तो बदलला. मारोतरावांचं बोट टेबलावर टकटकलं.

"हे काय?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"उचला म्हणताहेत," श्रीधर डॉक्टर नळीतून डोळा न काढता म्हणाले, आणि त्यांनी तार उचलली. "सोडा श्वास. बरोबर होतं त्यांचं."

असं पाच वेळा झालं. ज्याचं ऑपरेशन चालू आहे तोच वरून देखरेख करतो आहे, असं त्या खोलीनं पूर्वी पाहिलं नसेल. सहाव्या वेळी फासा देठातून आरपार आला. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम नर्सनं टिपला. आता सुटलेला गोळा चिमट्यानं धरून बाहेर काढायचा होता, आणि तो उजव्या नळीत घरंगळू द्यायचा नव्हता, कारण तसं झालं तर चालू असलेलं एकुलतं एक फुफ्फुसही बंद पडलं असतं. डॉक्टरांनी तार बाहेर घेतली आणि चिमट्यासाठी हात पुढे केला. पण इतक्या दिवसांचा ताण असा एकदम सैल पडला की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "झालं!"

काम झालं म्हटल्यावर मारोतराव थांबतात होय? तोंडात हातभर लोखंड होतं, घसा मेलेला होता, तरी छातीनं आपली छत्तीस वर्षांची सवय पाळली. त्यांनी एक छोटी कडक फुंक मारली.

गोळा जागचा उडाला आणि सरळ डॉक्टरांच्या धातूच्या नळीच्या तोंडात बुचासारखा जाऊन बसला.

"फुंकायला कोणी सांगितलं?" अरुंधतीबाई ओरडल्या. श्रीधर डॉक्टरांनी चिमटा टाकून दिला, आणि नळी आणि गोळा दोन्ही एकदमच अलगद बाहेर ओढून घेतले. उजळ उजेडात सगळ्यांनी पाहिलं. बोराच्या बीएवढा, तांबूस, देठाशी करपलेला मणी नळीच्या तोंडात घट्ट बसला होता.

आणि तेवढ्यात मारोतरावांनी श्वास घेतला. तो घशातून उतरला, नेहमीसारखा उजवीकडे गेला, आणि मग डावीकडेही गेला. वर्षभर कुलूप असलेल्या खोलीत कोणी खिडक्या उघडत जावं तसं त्यांना आत जाणवलं, एक खिडकी, दुसरी, तिसरी. बधिर जिभेनं ते काहीतरी जोरात म्हणाले. काय म्हणाले ते कोणालाच समजलं नाही, पण खोलीतले सगळे हसायला लागले, आणि सगळ्यांत मोठ्यानं अरुंधतीबाई हसल्या. डोळे पुसत त्यांनी श्रीधर डॉक्टरांना सांगितलं, की पुढच्या वेळी पेशंट टेबलावर असताना तोंड सांभाळा.

पंधरा दिवसांनी नवराबायको तपासणीला आले. एक्सरेत दोन्ही बाजू सारख्या काळ्याभोर होत्या आणि श्रीधर डॉक्टर तो एक्सरे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. गोपिकाबाईंना त्यातलं काही कळेना. काळं चांगलं कसं, हे त्यांना पटेना.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपल्या कानातली स्टेथोस्कोपची टोकं काढून गोपिकाबाईंच्या कानात घातली आणि चकती मारोतरावांच्या पाठीवर उजवीकडे ठेवली. "ऐकू येतं?"

गोपिकाबाईंनी मान हलवली. डॉक्टरांनी चकती डावीकडे सरकवली. गोपिकाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी डॉक्टरांच्या हातातून चकती आपल्या हातात घेतली, पुन्हा उजवीकडे ठेवली, पुन्हा डावीकडे. बाहेर पेशंटची रांग लागली होती. कोणीतरी दारावर टकटक केलं.

"दोन्हीकडून येऊन राहिला जी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "वर्षभर मी ह्यांच्या पाठीशी निजून एका बाजूचाच श्वास ऐकला. कोणाले सांगू, काय सांगू! लय भ्याली होती जी मी."

मारोतरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, भिंत धरून आपण सगळं लपवलं आहे. त्यांनी मागे न वळताच म्हटलं, "आता पुरे वं. लोक खोळंबून राहिले."

त्यांच्या पाठीतून तो आवाज नळ्यांमधून असा धडाडत गोपिकाबाईंच्या कानात शिरला की त्या जागच्या उडाल्या. आणि मग, डोळ्यांत पाणी असतानाच, हसायला लागल्या. चकती त्यांनी डाव्या बाजूला आणखी घट्ट दाबली.

"बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काही बी बोला. थांबू नका."

मारोतरावांनी छाती भरून घेतली आणि बोलायला लागले. आधी बर्डीवरच्या दुकानदाराचं, मग अरुंधतीबाईंच्या घड्याळाचं, मग पुढच्या महिन्यात कोणाकोणाची कामं घ्यायची त्याचं. ते एका दमात बोलत होते, गोपिकाबाई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि श्रीधर डॉक्टरांनी स्वतः बाहेर जाऊन रांगेला सांगितलं की थोडा वेळ लागेल.